झडप काढल्यानंतर

गॅरेजवाल्या काकांनी झडप माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा ती अजून ओली होती. बोटाच्या पेराएवढी, सोबत एक नाजूक स्प्रिंग, आणि वर्षानुवर्षं आत कोंडून राहिलेल्या तेलाचा उग्र वास, जो नंतर साबणाने घासूनही हाताला राहिलाच. "ही ठेवायची का टाकायची, ताई?" काकांनी सहज विचारलं. त्यांच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. काम संपलेली वस्तू एकतर डब्यात जाते नाहीतर भंगारात. मी "राहू द्या" म्हणाले आणि ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. का राहू द्यायची, ते मलाच सांगता आलं नसतं. माझ्या जुन्या मॉरिस मायनरच्या ज्या शॉकअपमधून, म्हणजे धक्के पिणाऱ्या भागातून, ती निघाली तो मात्र गाडीवर जसाच्या तसा होता. त्याचा लोखंडी आर्म चाकाला वरून धरून होता, चाकाबरोबर वर-खाली हलत होता. आत तेलही होतं, पण आतला दांडा कोरडा पडू नये एवढ्यापुरतंच. धक्का पिण्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं. शेजारी नवा, उभ्या नळीसारखा टेलिस्कोपिक शॉकअप बसला होता आणि यापुढे सगळं तो बघणार होता. काका हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळले. मी तिथेच उकिडवी बसून त्या जुन्याकडे बघत राहिले. नोकरीवरून काढलेल्या माणसाला त्याच खुर्चीत बसवून ठेवावं, तसं काहीतरी आपण केलंय असं वाटत होतं.

गोम अशी की मॉरिस मायनरमधून हा जुना शॉकअप नुसता काढून टाकता येत नाही. बऱ्याच गाड्यांत शॉकअप पाहुण्यासारखा असतो, काढला तरी चाक जागेवर राहतं. इथे शॉकअपचा आर्म हाच चाकाचा वरचा आर्म. खाली एक आर्म, वर शॉकअपचा, दोघांच्या मधे किंगपिन, म्हणजे ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं तो उभा खांब, आणि भार पेलायला गाडीच्या लांबीत मागे गेलेली पोलादी दांडी, टॉर्शन बार. चाक उचललं गेलं की ती दांडी पिळली जाते आणि पीळ सोडवायची धडपड करते. बस, हीच स्प्रिंग. ना वेटोळं, ना पाटे. गाडीखाली पाठीवर पडून बघितलं तर ती एक साधी, सरळ, मळकट दांडी दिसते. हिच्यावर अख्खं नाक उभं आहे यावर विश्वास बसत नाही. मग बदल करायचा तर दोन वाटा. एक तर वरचा आर्मच नव्याने बनवलेला पूर्ण संच बसवायचा आणि जुन्याला निरोप द्यायचा. नाहीतर जुन्याची झडप काढून त्याला नुसता बिजागर करायचं आणि काम नव्याला द्यायचं. मी दुसरी वाट धरली, कारण त्यात गाडीला कमी हात लावावा लागतो. तेव्हा ते फार समंजसपणाचं वाटलं होतं.

ही रचना ज्याची, तो इंजिनिअर अ‍ॅलेक इसिगोनिस पुढे मिनी या छोट्या गाडीमुळे जगाला माहीत झाला, पण मुळात तो सस्पेन्शनचा, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यामधल्या या सगळ्या मांडणीचा माणूस. युद्धाआधीच त्याने पुढच्या चाकांची जी स्वतंत्र मांडणी आखली होती ती १९४७ च्या एमजी वाय टाइप गाडीवर आली आणि तिचा वंश थेट एमजीबी या स्पोर्ट्स कारपर्यंत चालला. मायनरसाठी मात्र त्याने टॉर्शन बार घेतला. १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हाँने या दांड्या आधीच वापरल्या होत्या आणि त्या गाडीबद्दल त्याला आदर होता. दांडीचा हिशेब मला फार आवडतो. तिचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. जाडी फक्त दहा टक्क्यांनी वाढवली की कडकपणा शेहेचाळीस टक्क्यांनी वाढतो. नुसत्या डोळ्यांना दोन दांड्यांतला फरक कळणारही नाही, पण कंबरेला पहिल्याच खड्ड्यात कळेल. म्हणून "जरा जाड बार टाकू" हे वाक्य कुणी सहज म्हटलं की मी सावध होते. या गणितात 'जरा' असं काही नसतंच.

माझी तक्रार काय होती, तेही सांगायला हवं. ब्रेक दाबला की गाडी नाक जमिनीला लावायला जायची. गतिरोधक ओलांडल्यावर पुढचा भाग एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर, मग रेंगाळत थांबायचा. वळणावर गाडी आधी कलायची, मग विचार करायची, मग वळायची. शेजारी बसणाऱ्यांचा एक ठरलेला हावभाव असायचा: डावा हात दाराच्या कडेवर, उजवा मांडीखाली सीटच्या काठाला, चेहऱ्यावर "छान आहे हो गाडी" असं हसू. मी स्वतः या डुलण्याला 'जुन्या गाडीची मजा' म्हणत असे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने ती जेव्हा अशी डुलत जायची तेव्हा माझे खांदे आपोआप सैल पडायचे. पण पावसात, समोरच्याने अचानक ब्रेक मारल्यावर, त्याच सैलपणाची भीती वाटायची. एकाच गुणावर प्रेम आणि त्याचाच वैताग, हे माणसांच्या बाबतीत आपण चालवून घेतो. गाडीच्या बाबतीत काका आहेत, त्यामुळे चालवून घ्यावं लागत नाही.

काकांनी मात्र आधी नवा शॉकअप लावायला साफ नकार दिला. "आधी जे आहे ते नीट करू. मग सांगा काय खटकतं ते." गाडी स्टँडवर चढवून त्यांनी चाक वर-खाली धरून हलवलं आणि मला हात लावायला सांगितलं. बारीक टक-टक बोटांत आली. मायनरच्या किंगपिनला खाली-वर आटे असतात आणि ते ट्रनियनमध्ये, म्हणजे आर्मला जोडणाऱ्या आटेदार तुकड्यांत, फिरतात. त्यांना वेळच्या वेळी ग्रीस मिळालं तर ते गाडीच्या मालकापेक्षा जास्त टिकतात. नाही मिळालं तर आटे झिजत जातात, वरून काहीच दिसत नाही, आणि एक दिवस खालचा आटा ट्रनियनमधून निसटतो आणि चाक मडगार्डखाली आडवं होतं. बहुतेक वेळा हे सावकाश वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना घडतं, म्हणजे गाडी लावताना किंवा फाटकातून काढताना. मायनर चालवणाऱ्यांच्यात या घटनेचं वर्णन थोड्याशा अभिमानाने केलं जातं, हे मला कधीच झेपलेलं नाही. जुन्या गाड्यांच्या प्रेमात हा एक विचित्र रोग आहे. जे चुकलं ते सगळं 'स्वभाव' म्हणून खपतं.

मग ट्रनियन नवे आले, खालच्या आर्मच्या सांध्यातले रबरी बुश नवे आले. जुने बुश काढले तेव्हा ते रबर राहिलेच नव्हते. नखाने टोकरले की काळा भुगा पडायचा. पुढे जाणाऱ्या टाय बारचेही रबर बदलले. ब्रेक दाबल्यावर चाकाला मागे ढकलणारा जोर हा बार अडवतो, आणि त्याचं रबर मेलेलं असेल तर प्रत्येक ब्रेकला चाक थोडंसं मागे सरकतं. जुन्या शॉकअपमध्ये तेल भरलं. एवढं करून गाडी बाहेर काढली आणि माझ्या तक्रारींतल्या निम्म्या तक्रारी जागच्या जागी विरल्या. स्टिअरिंग हलकं आणि नेमकं झालं. या गाडीचं रॅक अँड पिनियन स्टिअरिंग इतकं गोड आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं. इतकी वर्षं मी इसिगोनिसवर जे आरोप करत होते ते खरं तर मेलेल्या रबरावरचे होते. सस्पेन्शन बदलायला निघालेल्या कुणालाही माझा आगाऊ सल्ला हाच असेल: आधी गाडी तिच्या मूळ रूपात नीट भेटू द्या. बरेचजण जिला सुधारतात ती गाडी त्यांनी कधी चालवलेलीच नसते.

उरलेली निम्मी तक्रार खरी होती.

जुन्या लिव्हर आर्म शॉकअपचं काम मोठं हुशारीचं. आर्म हलला की आतला दट्ट्या तेलाला त्या छोट्या झडपेतून ढकलतो, तेल अडतं, आणि स्प्रिंगचं उसळणं शमतं. पण आत तेल असतं थोडं. रस्ता सतत खराब असला की ते तापतं, पातळ होतं, आणि झडप जे अडवायला हवं ते अडवेनाशी होते. शिवाय सील म्हातारं झालं की तेल बाहेर झिरपत राहतं, धूळ त्यावर बसते, आणि शॉकअपभोवती तो काळा, चिकट लेप जमतो. दाट तेल भरून बघा, असं लोक सांगतात. त्याने थोडा फरक पडतो, आणि थंडीच्या सकाळी गाडी लाकडी होते. टेलिस्कोपिक शॉकअपमध्ये तेल जास्त, दट्ट्याचा प्रवास लांब, उष्णता निघून जायला नळीची अख्खी बाजू मोकळी. कागदावर यात वाद घालण्यासारखं काही नाही.

वाद कागदाबाहेर आहे. गाडी किती वेळा डुलते याला एक लय असते. मॉरिस ओली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये गेला आणि १९३० नंतरच्या वर्षांत त्याने या लयीचा पिच्छा पुरवला. वजनं पुढे-मागे सरकवता येतील अशी एक लिमोझिन करून त्यात माणसं बसवली आणि कधी बरं वाटतं, कधी नाही, ते तपासलं. त्यातून आलेली एक गोष्ट अजूनही टिकून आहे: पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो. मागचं चाक उशिरा उसळतं, पण त्याची लय जलद असल्यामुळे ते पुढच्याला गाठतं, आणि गाडी नाक-शेपटी करत राहण्याऐवजी सपाट वर-खाली होते. आणि एकूण लय साधारण मिनिटाला साठ ते नव्वद झोक्यांची. सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलांच्या आसपासची. हे वाचलं तेव्हा मला लहानपणी गाडीच्या मागच्या सीटवर आडवं पडून केलेले प्रवास आठवले. रेक्झिनचा तापलेला वास, गालावर उमटलेली शिवण, पुढे मोठ्यांचं अर्धवट ऐकू येणारं बोलणं, आणि कुठल्यातरी खड्ड्यानंतर गाडीने घेतलेला तो लांब, मऊ झोका, ज्यात झोप लागायची. कधी कधी उलटीही व्हायची, हे स्मरणरंजनात कुणी सांगत नाही. तर पुढची बाजू कडक करणं म्हणजे फक्त ब्रेकला नाक वाकणं थांबवणं नव्हे. ओलीने जुळवलेली ती मागची-पुढची बोलाचाली बिघडवणंही त्यात आलं. म्हणून मी टॉर्शन बारला हात लावू दिला नाही. शमवणारा भाग बदलला, पेलणारा तोच ठेवला.

नव्या शॉकअपने काय झालं? गतिरोधकानंतर गाडी एकदा बसते आणि गप्प होते. ब्रेकला नाक अजूनही झुकतं, कारण किती झुकायचं ते स्प्रिंग ठरवते, पण आता सावकाश झुकतं. वळणावर ती आधी वळते, मग कलते. पहिल्या दिवशी मी एकाच चौकाला उगाच वळसे घालत होते. आणि तरीही काहीतरी हरवल्याची रुखरुख होती. लहान खड्डे, डांबराचे सांधे, खडी, हे सगळं आता जास्त कळतं. आधी गाडी ते स्वतःजवळ ठेवायची, आता पायांपर्यंत पोचवते. सीटखालून येणारा एक बारीक थरथराट नवा आहे. खरं म्हणजे नव्या शॉकअपने धक्का नाहीसा केला नाही. त्याचा पत्ता बदलला. तो जोर आता एका नव्या ब्रॅकेटमधून गाडीच्या अशा जागी जातो जिथे तो पूर्वी कधी जात नव्हता. इसिगोनिसने तिथल्या पत्र्याला हे काम सांगितलेलंच नव्हतं. त्यामुळे काका दर वेळी गाडी वर घेतली की आधी तिथे टॉर्च मारतात आणि रंगाला केसाएवढी चीर गेलीय का ते बघतात. मीही बघते, न कळता.

या उद्योगात सगळ्यात मोहात पाडणारी गोष्ट म्हणजे गाडी खाली बसवणं. टॉर्शन बारच्या टोकाला दाते असतात. बार काढून एक-दोन दाते फिरवून बसवला की नाक खाली. पैसे जवळजवळ शून्य, रुबाब भरपूर. माझ्या ओळखीतल्या एका मायनरचं नाक असं झुकवलेलं आहे आणि ती उभी असताना खरंच देखणी दिसते. पण बार फिरवल्याने तो कडक होत नाही, फक्त चाकाचा वर जाण्याचा प्रवास कमी होतो, आणि खड्ड्यात ते रबराच्या ठोकळ्यावर जाऊन आपटतं. मालक त्या आपटण्याला 'स्पोर्टी' म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंगचा टायरॉड, म्हणजे चाक वळवणारी दांडी, आणि खालचा आर्म आपापल्या वर्तुळात फिरत असतात. मूळ उंचीवर ही दोन वर्तुळं एकमेकांना सांभाळून घेतात. गाडी खाली बसवली की ती भांडायला लागतात, आणि खड्डा लागला की चाक आपण न सांगता थोडं वळतं. सरळ रस्त्यावर गाडी स्वतःच्या मनाने इकडे-तिकडे बघते. याउलट बदल चांगला कसा असतो ते १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मस्टँगमध्ये दिसतं. फोर्डच्या क्लाउस आर्निंगच्या आखणीप्रमाणे वरच्या आर्मचा गाडीकडचा टेकू साधारण एक इंच खाली नेला, एवढंच. गाडी वळणावर कलली की बाहेरचं चाक आधीपेक्षा उभं राहू लागलं आणि टायर रस्त्याला नीट टेकू लागला. आजही लोक जुन्या मस्टँगला ड्रिलने नवी भोकं पाडून हेच करतात. त्या एका इंचामागे चाकाचा मार्ग आखणारा माणूस होता, दिसण्याचा विचार करणारा नव्हता.

पण भोकं पाडायची म्हटलं की मूळपणाचा प्रश्न येतो, आणि त्यावर लोक फार तावातावाने बोलतात. एका प्रदर्शनात एका गृहस्थांनी माझ्या गाडीखाली वाकून पाहिलं आणि "अरेरे" म्हणाले. मी त्यांना विचारलं, टायर बघितलेत का? मायनर ज्या टायरवर आखली गेली ते क्रॉसप्लाय होते, अरुंद, कडक बाजूंचे, ओल्यात लवकर सुटणारे. आज जवळजवळ प्रत्येकाच्या गाडीवर रेडियल आहेत. रेडियलची पकड जास्त, म्हणून वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून सस्पेन्शनवर असा ताण येतो जो १९४८ मध्ये नव्हता. टायर बदलले त्या दिवशी मूळ गाडी गेली. आपण फक्त ते मान्य करत नाही. आणि मूळ म्हणजे तरी काय? गाडी जवळजवळ तयार झाल्यावर इसिगोनिसला ती अरुंद वाटली. त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली, दोन भाग हळूहळू दूर सरकवले, आणि चार इंचांवर म्हणाला, आता बरोबर. बॉनेटच्या मधली ती उंच पट्टी म्हणजे त्या कापाची खूण. आधीच बनलेले बंपर मधे चार इंचांचा तुकडा जोडून वापरले गेले. मॉरिस कंपनीचा संस्थापक लॉर्ड नफील्ड याला ही गाडी 'पोच्ड एग'सारखी, म्हणजे फोडून पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी वाटली होती म्हणे. पुढे हीच गाडी दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी झाली. करवत चालवूनच जन्मलेल्या गाडीच्या बाबतीत शुद्धतेचा इतका सोवळेपणा मला जरा गमतीचा वाटतो. गृहस्थ हसले नाहीत.

पण त्यांच्या "अरेरे"त काहीच तथ्य नव्हतं असंही म्हणवत नाही. जुन्या इमारतींसाठी १९६४ मध्ये व्हेनिस चार्टर झाला, त्याच धर्तीवर फिवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्यूरिन चार्टर केला. त्याचा रोख मला पटतो: गाडी चालती ठेवा, बदल करावा लागला तर परत फिरवता येईल असा करा, आणि काय केलं ते लिहून ठेवा. यातलं शेवटचं सगळ्यांत कमी पाळलं जातं. मी एक फाइल केली आहे. कुठला बोल्ट कुठल्या मापाचा, ब्रॅकेट कसं धरलंय, टॉर्शन बारचे दाते कुठल्या स्थितीत आहेत, डावा बार डावीकडेच का राहिला पाहिजे (इतकी वर्षं एकाच दिशेला पीळ खाल्लेला बार दुसऱ्या बाजूला उलटा पिळायला लावू नये), हे सगळं माझ्या वाईट अक्षरात लिहिलंय. झडपा त्याच फाइलच्या प्लॅस्टिकच्या खिशात आहेत, नावं घालून. पुढच्या मालकाला वाटलं तर तो अर्ध्या दिवसात जुन्या शॉकअपना पुन्हा कामाला लावू शकेल. मी तसं करणार नाही, हे मला ठाऊक आहे.

सध्या काकांच्या डोक्यात पुढचा अँटीरोल बार आहे. दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी दांडी, म्हणजे कलणं अजून कमी. माझं म्हणणं, पुढची बाजू कलायला जास्त विरोध करू लागली की बाहेरच्या पुढच्या टायरवर सगळा बोजा येतो, आणि वळणावर नाक आत यायच्या ऐवजी बाहेर पळतं. नाकाचं आत येणं आत्ताच मिळवलंय, कशाला घालवायचं? काका म्हणतात, "ताई, तुम्ही वाचून बोलता. बोल्टने बसतो, भोक पाडावं लागत नाही. आठवडाभर चालवा, नाही आवडला तर संध्याकाळी काढून देतो." मी त्यांना म्हटलं, मग मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचंही बघावं लागेल. ते म्हणाले, "ते तर बघायचंच आहे." बार आणायला त्यांनी माणूस धाडलाय, असं आज कळलं.